वाशी ते घणसोली

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहिणारा माणूस बहुधा काश्मीरला तरी जाऊन आलेला असतो, निदान कन्याकुमारीला तरी. त्याच्याजवळ बर्फ असते, समुद्र असतो, वाटेत भेटलेला एखादा मिस्कील हमालही असतो. माझ्याजवळ यांपैकी काहीही नाही. मी ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहे तो वाशी स्टेशनावर सुरू होतो आणि सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे करीत घणसोली गावातल्या एका ओट्यावर संपतो. मध्ये महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात तासभर मुक्काम, एवढाच काय तो वळसा. सारे मिळून अंतर दहा-बारा किलोमीटर. भाडे किती पडले ते सांगायलाही संकोच वाटावा. पण हे अंतर कापायला मला चार वर्षे लागली, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

भाद्रपदातली सकाळ होती. गौरी-गणपती होऊन गेले होते आणि कॉलेजला त्या दिवशी सुटी होती. वाशी स्टेशनाच्या डोक्यावर कचेऱ्यांचे मजले आहेत. खाली गाड्या आणि वर संगणक, अशी ही दुहेरी इमारत. ठाण्याच्या गाडीला गर्दी नव्हती. खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि पूर्वेला पारसिकचा हिरवागार डोंगर पाहत नेहमीचा विचार मनात आला, की हे सारे शहर एका नियतकालिकाच्या अंकातून निघाले आहे!

वाचकांना यात अतिशयोक्ती वाटेल, म्हणून खुलासा करते. १९६४ साली मुंबई महापालिकेने आपल्या विकासाचा आराखडा मांडला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा तरुणांना तो पटला नाही. मुंबई उत्तरेकडे लांबत राहिली तर गुदमरेल, खाडी ओलांडून पूर्वेला नवे शहर वसवावे, असे त्यांचे म्हणणे. ते छापले कुठे? तर मुल्कराज आनंद संपादित करीत असलेल्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकात. जून १९६५ चा अंक या विषयाला वाहिलेला होता. ‘मार्ग’ १९४६ साली निघाले तेच मुळी टाटांच्या जाहिरातींच्या आणि टाटांनी दिलेल्या जागेच्या आधारावर. अशा बेताच्या संसारातल्या त्या अंकाने सरकारचे मन वळवायला हातभार लावला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, १९७३ साली खाडीवर पूल झाला, १९९२ साली वाशीला लोकल आली. आज मी ज्या बाकावर बसले होते त्याचे मूळ शोधू गेल्यास एका वर्गणीच्या पावतीपाशी पोचता येईल.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्यांच्या भातशेतांवर, खाजणांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहायचे होते, त्या ९५ गावांतल्या आगरी-कोळी माणसांनी तो अंक वाचला असेल काय? तो इंग्रजीत होता, आणि किंमत देऊन घ्यायचा होता. त्यांच्या जमिनीविषयीचा विचार त्यांच्यापर्यंत आला तो संपादनाच्या नोटिशीच्या रूपाने. पुढे जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात गोळीबार होऊन पाच माणसे प्राणाला मुकली. तेव्हा कुठे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा मूळ मालकांना देण्याचे तत्त्व पुढे आले. एका अंकाची शक्ती केवढी, आणि तो कुणाला वाचता येत नसेल तर त्याची किंमत केवढी, हे दोन्ही धडे या एका शहरात शेजारी शेजारी मिळतात.

दुसरा धडा मला मात्र माझ्याच एका विद्यार्थिनीकडून मिळाला.

आगरी समाजात लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात आणि त्या गाण्यांना धवले. लग्नाच्या एकेका विधीला धवला ठरलेला. धवलारणीवाचून लग्न लागल्यासारखे वाटत नाही, इतका तिचा मान. ही गाणी कुणी लिहून ठेवलेली नसतात; सासूकडून सुनेने, आत्याकडून भाचीने ऐकून उचललेली असतात. घणसोलीतल्या एका आजींकडे मी दोन उन्हाळे जात होते. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. त्यांनी सांगितले, मी लिहून घेतले, ध्वनिमुद्रणही केले. चहा त्यांचाच, सुकी मासळीही त्यांचीच. मी बरोबर नेलेला बिस्किटांचा पुडा काय तो माझा.

आता प्राध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध लागतात, आणि ते कुठे छापले याला फार महत्त्व असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची एक यादीच २०१९ पासून होती. २०२५ साली ती बंद झाली, पण त्या वेळी तिचा दरारा मोठा होता. मी माझा निबंध इंग्रजीत लिहिला आणि परदेशातल्या एका मोठ्या कंपनीच्या नियतकालिकाकडे पाठवला. दोन परीक्षकांनी तो तपासला. त्यांनाही कंपनीने एक छदाम दिला नाही, कारण परीक्षण ही विद्वानांची आपापसांतली सेवा समजली जाते. निबंध स्वीकारला गेला. एक कागद आला. मजकुराचे सर्व हक्क कंपनीला, भाषांतराचे हक्कही त्यात. मी आनंदाने सही केली. कॉलेजात पेढे वाटले.

पुढल्या वर्षी आजींची नात माझ्याच वर्गात आली. एके दिवशी तास संपल्यावर टेबलाशी येऊन म्हणाली, “मॅडम, आजीची गाणी तुम्ही छापलीत ना? मला वाचायची होती. पण उघडायला गेले तर पस्तीस डॉलर मागतात.”

मी हसून म्हणाले, “अगं, मी देते तुला.” घरी येऊन कागद शोधला. माझ्याच निबंधाचे काय करायचे आणि काय करायचे नाही, याचे त्यात अकरा नियम होते. मुलीला मी एक प्रत दिली, तो भाग वेगळा. पण त्या रात्री झोप लागली नाही. गाणी आजींची, श्रम माझे, परीक्षण दोघा अनोळखी विद्वानांचे, आमचे पगार बहुतांशी सरकारी तिजोरीतले. आणि फाटकावर पस्तीस डॉलरांची पावती फाडणारा तिसराच. शिवाय ती प्रत इंग्रजीत. आजींना तिचा काय उपयोग?

हे फाटक दुसऱ्या रीतीनेही लावता येते. वाचकाला फुकट वाचू द्यायचे आणि पैसे लेखकाकडून घ्यायचे. ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकाने २०२१ पासून निबंध सर्वांना खुला ठेवण्यासाठी ९,५०० युरो आकार ठरवला. माझ्यासारखीच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची ही गोष्ट झाली. पहिल्या रीतीत गरीब वाचक बाहेर राहतो, दुसऱ्या रीतीत गरीब लेखक. दोन्ही रीतींत आत कोण बसते ते सांगायला नको.

सरकारचे याकडे लक्ष नाही असे नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना वाचता यावीत म्हणून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. जिल्ह्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हे वरदानच आहे. त्याला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु संस्थेच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या घणसोलीच्या ओट्याला त्याचा लाभ नाही, आणि मराठीतून निघणाऱ्या आमच्या त्रैमासिकाला त्या सहा हजार कोटींतून शाईचा डबाही मिळायचा नाही.

आमचे त्रैमासिक! त्याचाच तर गठ्ठा आणायला मी निघाले होते. कोपरखैरण्याला उतरले, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून रिक्षा केली आणि महाप्याला आले. या भागात औषधे, रसायने, यंत्रे आणि अलीकडे संगणकाची कामे करणारे पुष्कळ कारखाने आहेत, आणि त्यांच्याच सावलीत छापखाने. आमचे मुद्रक मुख्यतः औषधांची खोकी आणि त्यांत घालायची बारीक टाइपातली पत्रके छापतात. त्या धंद्यावर त्यांचे घर चालते. आमचा अंक ते दोन मोठ्या कामांच्या फटीत बसवतात.

“मॅडम, एक सांगू?” गठ्ठे बांधता बांधता ते म्हणाले, “तुम्ही तीनशे प्रती काढता. प्लेट तीनशेला तेवढीच लागते आणि तीन हजारांना तेवढीच. मशीन लावायला, रंग जुळवायला वेळही तेवढाच. तीन हजार काढा, एका प्रतीचा खर्च कुठल्या कुठे उतरेल.”

“आणि उरलेल्या सत्तावीसशे ठेवू कुठे?”

“तेही खरंच,” असे म्हणून त्यांनी बिल पुढे केले. शहाण्णव पानांचा अंक, चोवीस हजार रुपये.

इथे मी वाचकांपुढे आमची वही उघडते, कारण वहीवाचून या विषयाला अर्थ नाही. वर्गणीदार दोनशे दहा, वार्षिक वर्गणी चारशे रुपये. म्हणजे एका अंकाच्या वाट्याला एकवीस हजार. छपाई चोवीस, अक्षरजुळणी तीन, टपाल सहा हजारांच्या वर. दर अंकाला बारा हजारांची खोट. ती आम्ही चौघे संपादक आपसांत वाटून घेतो. लेखकाला मानधन नाही, परीक्षकाला नाही, प्रुफे तपासणाऱ्या माझ्या नवऱ्याला चहासुद्धा मागून घ्यावा लागतो. आजवर आम्हांला याचा अभिमान वाटत असे. गेल्या वर्षी आमच्यातले सर्वांत वडील संपादक निवृत्त झाले आणि त्यांनी अत्यंत ओशाळून विचारले, “पुढच्या वर्षापासून माझा हिस्सा थोडा कमी करता येईल का?” तेव्हा लक्षात आले, की चार खिशांवर चालणारे काम त्या चार खिशांइतकेच टिकते.

एक गठ्ठा पायाशी आणि एक मांडीवर घेऊन मी घणसोलीच्या रिक्षात बसले. रिक्षा आचके देत होती आणि माझ्या मनात वडीलधाऱ्यांची रांग लागली होती. हे कोडे काही आम्हांलाच पडलेले नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, मध्यमवर्गीय घरांतून तिचे भाग विकले, आणि तेवीस खंड पुरे केले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली संपवले. त्यामागे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखे आश्रयदाते होते. खाडीपलीकडे परळला के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांतून १९५५ पासून डॉक्टरांचे एक त्रैमासिक निघते. त्यांनी या शतकाच्या आरंभी सारा मजकूर संगणकावर सर्वांना खुला केला, लेखकांकडून आकारही घेतला नाही, आणि छापील अंक वर्गणीदारांसाठी चालू ठेवला. ब्राझीलने १९९७ साली ‘सायलो’ नावाचा उपक्रम सार्वजनिक पैशातून काढून आपली शास्त्रीय नियतकालिके खुली केली आणि लॅटिन अमेरिकेतल्या शेजाऱ्यांनी तोच मार्ग धरला. म्हणजे वाटा आहेत. पण प्रत्येक वाटेवर कुणीतरी पैसे देतेच. ते कुणी आणि कधी द्यावेत, एवढाच प्रश्न.

रेल्वेच्या पश्चिमेला, सेक्टरांचे चौकोन संपले की घणसोली गाव एकदम गल्ल्यांनी सुरू होते. उंच घरे एकमेकांना टेकलेली, मध्येच जुने कौलारू घर, दारात तुळस. पलीकडे खाडी आणि तिवरांची दाट हिरवळ. नात दारातच उभी होती. आजी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

अंक मी त्यांच्या हातात दिला. नव्या शाईचा वास येत होता. कंपनीला हक्क देऊन बसल्यामुळे तो निबंध मला मराठीत उतरवता आला नव्हता. जुन्या वह्या काढून, ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून, सारे नव्याने लिहावे लागले होते. आजींनी अंक उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “माजी गानी तू लिवलीस, मंग मना इतकी वरसां कनाला नाय दावलीस?”

याला काय उत्तर द्यायचे? मी गप्प राहिले. नात वाचू लागली. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. ओठ हलत होते. तिसऱ्या पानावर त्यांनी एकदम हात वर केला.

“थांब. यो धवला हलदीचा नाय. मांडवाचा हाय.”

मी वही काढली. मागच्या-पुढच्या दोन गाण्यांची सरमिसळ झाली होती, आणि एका गाण्याखाली मी चुकीचा विधी लिहिला होता. आजी ज्या क्रमाने म्हणाल्या होत्या त्या क्रमाची पाने माझ्या हातून बदलली असावीत. त्या चुकीवरून मी हळदीच्या विधीविषयी एक लांबलचक निष्कर्षही काढला होता! दोघा विद्वान परीक्षकांना ती दिसली नाही, दिसणार कशी? इंग्रजी निबंधात ती चार वर्षे सुखाने बसून होती, कारण जी एकुलती एक व्यक्ती ती दुरुस्त करू शकत होती ती फाटकाबाहेर होती.

तोवर मी समजत होते, की मजकूर सर्वांना खुला असावा ही दयाबुद्धीची गोष्ट आहे. आपण द्यायचे आणि गरिबाने घ्यायचे. त्या ओट्यावर कळले, की गरज आमची होती.

चहा झाला. मी आजींना आमच्या खर्चाची रडकथा सांगितली. का सांगितली कोण जाणे. त्यांनी विचारले, “लगनात धवला म्हनताव तवा मना कोन देतो?”

“ज्याच्या घरी लग्न तो. तांदूळ, नारळ, साडी.”

“आन् मांडवान बसून ऐकतो त्याच्याकरना कोन मागतं काय?”

नात हसली. मी हसले नाही. आमच्या चौघा संपादकांच्या दहा बैठकांत जे सुटले नव्हते ते त्यांनी सहज सांगून टाकले होते. धवला फुकट नसतो. धवलारणीचा मान ठेवावाच लागतो, तिचे पोट आहे. पण तो मान यजमानाने आधी द्यायचा; मांडवात आलेल्या माणसाला दारात अडवायचे नाही. आम्ही उलटेच करीत होतो. वर्गणी म्हणजे अंकाची किंमत असे धरून वाचक मोजीत होतो, आणि यजमान शोधीतच नव्हतो.

परतीच्या गाडीत मी वहीत चार ओळी लिहिल्या आणि त्या रात्री बाकीच्या तिघांना वाचून दाखवल्या. या दिवाळीपासून अंकातला प्रत्येक लेख संगणकावर कुणालाही विनामूल्य वाचता येईल. वर्गणीला यापुढे वर्गणी म्हणायचे नाही, यजमानपण म्हणायचे. आणि यजमान पुष्कळ हवेत. एकच मोठा दाता मिळाला, मग तो सरकार असो की शेठ, तर आज ना उद्या तो कोणता धवला म्हणायचा हेही सांगू लागेल. म्हणून कॉलेजांची ग्रंथालये, गावांची मंडळे, आणि आपल्यासारखी घरे. प्रत्येकाने थोडे थोडे. लेखकाकडून मात्र काहीही घ्यायचे नाही, आणि लेखाचा हक्क लेखकाजवळच राहील.

वडील संपादकांनी शंका काढली, “सगळं फुकट मिळाल्यावर चारशे रुपये कोण देईल?”

शंका खरी आहे. मी तिचे उत्तर दिले नाही, कारण ते माझ्याजवळ नाही. ते दोनशे दहा घरांजवळ आहे. आपल्या घरांतून लग्नात आहेर केला जातो, गणपतीची वर्गणी दिली जाते, वाचनालयाला जुनी पुस्तके दिली जातात. दिवाळीच्या फराळात एक ताट शेजाऱ्यांकडे जातेच; ते पाठवताना शेजारी काय किंमत देईल असे कुणी विचारीत नाही. यांत एखाद्या संशोधनपत्रिकेची भर पडू नये असे थोडेच आहे? मी आशावादी आहे असे नाही. सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडू आणि जे असेल ते पाहू.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर शुद्धिपत्र येणार आहे. चूक माझी, आणि दुरुस्ती करणाऱ्या म्हणून आजींचे नाव. नातीने ते नाव कसे लिहायचे ते मला दोनदा लिहून दाखवले, कारण सरकारी कागदावर ते कायम चुकीचे पडत आले आहे.

निघताना आजींनी पिशवीत एक नारळ घातला. मी नको नको म्हणत होते.

“राहू दे,” त्या म्हणाल्या, “तुज्या छापखान्याला.”

आमच्या वहीत यजमानांची नवी यादी त्या नारळाने सुरू झाली आहे. रकमेच्या रकान्यात काय लिहावे हे न सुचल्यामुळे आम्ही तिथे ‘नारळ १’ असेच लिहिले आहे.